आजी काळी का आली?

आमच्या एका विद्यार्थ्याने गुंजी स्टेशनजवळ काढलेला सूर्यास्ताचा फोटो दाखवला. आकाश केशरी, सुरेख; पण समोर उभी आजी काळीठिक्कर! आजीचा त्याच्याजवळ तेवढाच फोटो, म्हणून तो हिरमुसला.

चूक कॅमेऱ्याची नव्हे. लख्ख आकाश पाहून तो आत येणारा प्रकाश कमी करतो, मग सावलीतला चेहरा काळवंडतो. चेहरा हवा असेल तर सूर्य पाठीशी न घेता बाजूला घ्यावा, नाहीतर फ्लॅश वापरावा. मोबाइल असेल तर पडद्यावर चेहऱ्याला बोट टेकवावे. (क्षितिजही तिरपे होते, तेही सांगितले!) शिवाय सूर्य बुडताच घरी पळू नये, रंग पुष्कळदा नंतरच खुलतात.

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा फोटो काढला. आजी स्पष्ट आली, आकाश मात्र फिकट पडले. आजीने तोच फ्रेम करून घेतला.