एकाच इंजिनाच्या भिन्न वर्षांतील इंजेक्टरांची अदलाबदल

इंजिन एकच असेल तर त्याचे भागही परस्परांत बदलता यावेत, ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु इंधनाच्या इंजेक्टरांविषयी ती सर्वांशी खरी नाही. अमेरिकेतील जीप वाहनांचे चार लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरी इंजिन हे याचे बोधप्रद उदाहरण होय. १९८७ ते २००६ या काळात त्याची मूळ घडण बहुतांशी कायम राहिली. इंधनपद्धती मात्र बदलली.

१९९० च्या चेरोकी गाडीत इंधनाचा दाब दर चौरस इंचास ३९ पौंड असे. मॅनिफोल्डमधील निर्वाताशी जोडलेला नियंत्रक मंदगतीच्या वेळी तो सुमारे ३१ पौंडांवर आणी. त्यायोगे इंजेक्टरच्या दोन्ही टोकांमधील दाबांतर स्थिर राही. १९९७ च्या गाडीत नियंत्रक टाकीत गेला व दाब ४९ पौंडांवर कायम झाला. मॅनिफोल्डमधील दाबानुसार करावयाची दुरुस्ती आता संगणक गणिताने करू लागला.

छिद्रातून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह दाबांतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३९ भागिले ४९ या गुणोत्तराचे वर्गमूळ सुमारे ०.८९ येते. म्हणजे ४९ पौंडांच्या दाबाखाली ताशी १०० माप इंधन देणारा इंजेक्टर ३९ पौंडांच्या दाबाखाली केवळ ८९ मापे देईल. दाब हा गाडीचा धर्म आहे, प्रवाहगुणांक हा इंजेक्टरचा. यास्तव दोन इंजेक्टरांवरील आकडे एकाच दाबास आणल्यावाचून त्यांची तुलना निरर्थक ठरते. दोघांचा आकडा १०० असला, पण एकाचा ३९ पौंडांना व दुसऱ्याचा ४९ पौंडांना मोजलेला असला, तर दुसरा जुन्या गाडीत बसविल्यास मिश्रण अकरा टक्क्यांनी विरळ होईल.

ही उणीव ऑक्सिजन-संवेदक भरून काढील, असे म्हटले जाते. मंदगतीत व सामान्य भारावर हे बऱ्याच अंशी खरे आहे. म्हणूनच दोष लपून राहतो. परंतु पूर्ण भाराच्या वेळी मिश्रण हेतुतः समृद्ध ठेवलेले असते, आणि तेथे हा संवेदक समृद्धीचे नेमके प्रमाण सांगू शकत नाही. त्या अवस्थेत संगणक पूर्वनिश्चित कोष्टकावर विसंबतो. मिश्रण विरळ राहिले तर ज्वलनाचे तापमान वाढते, इंजिन ठोके देऊ लागते व दट्ट्यास इजा पोहोचू शकते. उलट प्रकारी, अधिक प्रवाहाच्या इंजेक्टरमुळे न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते.

दुसरी बाब विद्युत्-रोधाची. उच्च रोधाच्या इंजेक्टरचा रोध सुमारे १२ ते १६ ओहम, तर अल्प रोधाच्या इंजेक्टरचा दोन-तीन ओहम असतो. पहिल्याच्या जागी दुसरा लावल्यास संगणकातील ट्रान्झिस्टरवर अतिरिक्त प्रवाहाचा ताण येतो. शिवाय झडप उघडण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. मंदगतीत एकूण स्पंदच काही मिलिसेकंदांचा असल्याने या विलंबातील अल्प फरकही तेथे जाणवतो.

तात्पर्य, इंजेक्टर खाचेत नीट बसला व जोडणी जुळली, एवढ्याने अदलाबदल सिद्ध होत नाही. समान दाबावरील प्रवाह, रोध आणि उघडण्याचा विलंब ही तिन्ही जुळली, तरच चार छिद्रांच्या नव्या इंजेक्टरच्या सूक्ष्म तुषारांचा लाभ जुन्या इंजिनास निर्धोकपणे मिळू शकतो.