कोय लावावी की कलम? बियांपासून फळझाड लावण्याआधी हे समजून घ्या

सोयाबीनचे बियाणे फसले तर आठ-दहा दिवसांत कळते. उगवले नाही तर दुबार पेरणी करता येते. फळझाडाचे तसे नाही. चुकीचे रोप लावले गेले तर ते कळायला पाच-सहा वर्षे जातात. तोवर खड्डे, ठिबक, खत, राखण असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. इथे 'दुबार' म्हणजे पुन्हा पाच वर्षांची वाट.

पावसाळा तोंडावर आला की अमरावती-अकोल्यात दोन प्रकारचे लोक झाडे लावायला निघतात. काही जण वरूड-मोर्शीकडून संत्र्याची कलमे आणतात. काही जण घरी खाल्लेल्या आंब्याची कोय, चिंचोके, जांभळाच्या बिया धुऱ्यावर लावतात. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागतो : या बीमधून येणारे झाड आईसारखे येईल का? उत्तर प्रत्येक फळाचे वेगळे आहे.

बी आणि कलम, नेमका फरक काय?

कलम म्हणजे झाडाची झेरॉक्स. ज्या झाडाची फांदी किंवा डोळा घेतला, फळ त्याच झाडासारखे येते. बी म्हणजे आई आणि बाप या दोघांची सरमिसळ. बाप कोण, हे मधमाशी आणि वारा ठरवतो. म्हणून गोड आंब्याच्या कोयीतून आंबट, रेषाळ किंवा लहान फळाचे झाड येऊ शकते. क्वचित आईपेक्षा सरस झाडही निघते. आपल्याकडे प्रत्येक गावरान आंब्याची चव वेगळी असते, त्याचे कारण हेच.

दुसरा फरक वेळेचा. बियांपासून आलेल्या झाडाला आधी 'वयात' यावे लागते. कलमाचा डोळा फळ देणाऱ्या झाडाचा असल्याने तो काळ वाचतो. आंब्याचे कलम साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते, कोयीच्या झाडाला सहा ते दहा वर्षे लागू शकतात. चिंचेतही असाच फरक आहे : कलमाला चार-पाच वर्षे, चिंचोक्याच्या झाडाला आठ-दहा वर्षे.

लिंबाच्या एका बीतून दोन रोपे का येतात?

घरी करून पाहा. कागदी लिंबाच्या ताज्या बिया मातीत टाका. काही बियांमधून एकाऐवजी दोन किंवा तीन रोपे येतील. यातले एखादे रोप आई-बापाच्या संकरातून आलेले असते. बाकीची रोपे बीमधल्या आईच्याच पेशींपासून तयार होतात. ती बीतून आली तरी गुणाने आईची नक्कलच असतात. याला बहुभ्रूणता म्हणतात.

म्हणूनच कागदी लिंबाची बाग बियांच्या रोपांपासून लावली तरी बहुतेक झाडे आईसारखी निघतात. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातला वाडेगावचा परिसर लिंबासाठी ओळखला जातो. तिथल्या लिंबाला जे चालते ते आंब्याला मात्र चालेलच असे नाही. कोकण, गोवा, केरळच्या किनारपट्टीवर आंब्याच्या काही बहुभ्रूणी जाती आहेत. आपल्याकडचा गावरान आंबा सहसा एकभ्रूणी, म्हणजे एक कोय, एक रोप आणि दरवेळी नवा गुण.

मग संत्र्याला कलम कशासाठी?

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव नागपूरचे असले तरी वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हे अमरावती जिल्ह्यातले तालुके या पिकाचे मोठे पट्टे आहेत. संत्र्याच्या बीतूनही झाड येते. पण ते काटेरी आणि उंच वाढते, उशिरा फळते आणि त्याची मुळे आपल्या जमिनीत भरवशाची नसतात. म्हणून संत्र्याचे झाड दोन झाडांचे मिळून केले जाते. खाली जंबेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा.

हा खुंट मात्र बियांपासूनच तयार होतो. वरूड तालुक्यातले शेंदूरजनाघाट संत्रा रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. पिकलेल्या जंबेरीच्या बिया काढून, सावलीत सुकवून लवकर पेरल्या जातात, कारण फार वाळल्या तर त्या उगवत नाहीत. रोपे पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यांवर डोळा बांधला जातो. जंबेरीही बहुभ्रूणी असल्याने बहुतेक खुंट एकसारखे निघतात. जी रोपे फार खुजी, वेडीवाकडी किंवा वेगळ्या पानांची दिसतात ती संकराची असण्याची शक्यता असते. चांगला रोपवाटिकाधारक ती उपटून टाकतो. ती तशीच ठेवून त्यांवर डोळे बांधले, तर बागेत काही झाडे जोमदार आणि काही कायमची मागे राहिलेली दिसतात.

खुंट चुकला तर काय होते?

संत्र्याच्या बागेत बुंध्यातून डिंक वाहतो, साल कुजते, पाने पिवळी पडतात आणि झाड हळूहळू वाळते. हा डिंक्या. त्यामागे फायटोफ्थोरा नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू ओल्या मातीत, पाण्यातून पसरतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले किंवा पाट्याचे पाणी थेट बुंध्याला लागले की तिला वाट मिळते.

जंबेरी जोमाने वाढते, पण या बुरशीला लवकर बळी पडते. रंगपूर लिंबाचा खुंट डिंक्या आणि पाण्याचा ताण तुलनेने चांगला सोसतो. सगळीकडे एकच खुंट असला की एकच रोग सगळ्या बागेला पुरून उरतो. म्हणून जमीन भारी असेल, तर संत्रा कोणता हे विचारण्याआधी खुंट कोणता हे विचारायला हवे.

कोणत्या झाडाचे बी लावावे?

• कागदी लिंबू : बियांचे रोप चालते. बी ताजे हवे.

• सीताफळ : बियांपासून तीन-चार वर्षांत फळते. बी टणक असते, पेरण्याआधी एक-दोन दिवस भिजवावे. फळांत थोडाफार फरक पडतो. बाजारासाठी एकसारखा माल हवा असेल तर कलम घ्यावे.

• जांभूळ : बी फार काळ टिकत नाही. खाल्ल्यावर दहा-पंधरा दिवसांत पेरावे.

• आंबा : कोय महिनाभरात लावावी. धुऱ्यावर सावली आणि घरच्या लोणच्यासाठी कोयीचे झाड ठीक. विक्रीची बाग असेल तर कलमच.

• चिंच : चिंचोके चोवीस तास भिजवून लावावेत. फळाच्या आकारात आणि गरात मोठा फरक पडतो.

• पपई : बियांपासूनच लावतात. पण तैवान 786 सारख्या संकरित पपईच्या फळातले बी काढून पुन्हा लावले, तर पुढची झाडे एकसारखी येत नाहीत. दरवेळी नवे बियाणे घ्यावे लागते.

कोरडवाहू वावरात वेगळी पद्धत

पाण्याची सोय नसेल तर बियांचा एक मोठा फायदा आहे. जागेवरच बी लावले तर सोटमूळ सरळ खोल जाते. पिशवीतल्या रोपाचे मूळ जास्त दिवस राहिल्यास तळाशी गुंडाळले जाते आणि ते झाड उन्हाळ्यात आधी मान टाकते.

म्हणून बोर, आंबा अशा झाडांसाठी दोन्हींचा मेळ घालता येतो. पावसाच्या सुरुवातीला कायमच्या जागेवर गावरान बी लावायचे. रोप जोमात आले की त्याच जागी चांगल्या जातीचा डोळा भरायचा किंवा काडी बांधायची. मूळ गावरान, फळ निवडक. पूर्णा काठच्या खारपाण पट्ट्यात मात्र संत्र्याचा हट्ट धरू नये. तिथे बोर, चिंच ही झाडे त्यातल्या त्यात तग धरतात.

चेस्टनट इथे येईल का?

मोबाइलवर परदेशातल्या चेस्टनटच्या बिया पेरण्याचे व्हिडिओ सध्या खूप दिसतात. या बियांना रुजण्याआधी दोन-तीन महिने ओलसर थंडी लागते आणि झाडाला थंड हिवाळा. उन्हाळ्यात 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या अकोल्यात त्यावर पैसे घालवू नयेत.

चेस्टनटची गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. न्यूयॉर्कमध्ये 1904 साली या झाडांवर बाहेरून आलेली एक बुरशी आढळली. पुढच्या साधारण पन्नास वर्षांत अमेरिकेतली सुमारे 400 कोटी झाडे मेली. आजही तिथले संशोधक रोगाला टिकणाऱ्या चिनी चेस्टनटशी संकर करून, हजारो बिया लावून, त्यातून तगणारी झाडे शोधत आहेत. झेरॉक्समधून नवा गुण मिळत नाही, तो बीमधूनच मिळतो. म्हणून बागेत कलमे लावली तरी धुऱ्यावरचा जुना गावरान आंबा तोडू नये.

अनुदान कशाला मिळते?

राज्य सरकारने 2018 मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली. तिचे अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे पैसे झाडे जगण्यावर अवलंबून असतात. बागायती लागवडीत 90 टक्के आणि कोरडवाहू लागवडीत 80 टक्के झाडे जिवंत असावी लागतात. रोप सुरुवातीलाच कमजोर असेल तर तोटा दुहेरी होतो. झाडही जाते आणि हप्ताही.

संत्र्याचे कलम घेताना हे तपासा

1. रोपवाटिकेकडे परवाना आहे का? फळझाडांच्या रोपवाटिका आणि रोपविक्रीसाठी राज्यात 1969 पासून कायदा आहे.

2. खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. फळ लागेपर्यंत ती पावती जपून ठेवा.

3. डोळा जमिनीपासून 25 ते 30 सेंटिमीटर उंचीवर बांधलेला असावा. लावताना तो जोड मातीत गाडू नका.

4. पांढरी तंतुमुळे भरपूर आहेत का पाहा. मुळे तपकिरी, कुजकी असतील तर रोप परत करा.

5. लावल्यावर जोडाच्या खालून येणारे फुटवे वेळच्या वेळी काढा. ते संत्र्याचे नसतात, खुंटाचे असतात. ते वाढू दिले तर डोळा दबतो आणि बागेत जंबेरी उरते.

6. बुंध्याभोवती दुहेरी आळे करा, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा. त्याचे प्रमाण : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

6 बाय 6 मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे 277 झाडे बसतात. तेवढी रोपे गाडीत भरण्याआधी दोन-चार पिशव्या फाडून मुळे पाहिली, तर रोपवाटिकेवाला फार तर तेवढ्या रोपांचे पैसे मागेल. तो खर्च परवडणारा आहे.