‘अ‍ॅप’ कोणाकडून करवून घ्यावें ?

मुलीसाठीं स्थळ पाहावयाचें झालें म्हणजे आपण घराण्याची चौकशी करतों, चार ठिकाणीं विचारतों. नुसतें छायाचित्र पाहून कोणी होकार देत नाहीं. परंतु हल्लीं घरच्या व्यवसायासाठीं मोबाइलवरील ‘अ‍ॅप’ करवून घ्यावयाचें ठरलें कीं, हीच चौकस मंडळी एखाद्या कंपनीनें दाखविलेल्या रंगीत चित्रांवर भुलून लाखांचा व्यवहार एका बैठकींत उरकून टाकतात. आम्हीं स्वतः असें केलें आणि त्याचें फळहि भोगलें. तो अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या वहिनींचा भाजणी, मेतकूट व उपासाचे पदार्थ विकण्याचा व्यवसाय पुण्यांत वीस वर्षें चालू आहे. गिऱ्हाइकांस घरबसल्या मागणी नोंदवितां यावी म्हणून आमच्या पुतण्यानें तीन कंपन्यांचे दर मागविले, आणि जिचा दर सर्वांत कमी तिला आम्हीं काम दिलें. अ‍ॅप चांगलें झालें. दोन दिवाळ्या उत्तम गेल्या. तिसऱ्या वर्षीं कंपनीनें देखभालीचा आकार दुपटीहून अधिक केला. आम्हीं तो नाकारला व आमचें अ‍ॅप आमच्या स्वाधीन करावें, असें कळविलें. उत्तर आलें कीं, अ‍ॅप कंपनीच्या खात्यावर आहे, आणि त्याचें मूळ लेखन तुम्हांस देण्याचें करारांत कोठेंहि नाहीं. दिवाळी वीस दिवसांवर आली असतां अ‍ॅप नाहींसें झालें, आणि त्याबरोबर सुमारें सहाशें गिऱ्हाइकांचे पत्तेहि गेले. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, भाड्याच्या घराच्या भिंतींत आपण देव्हारा बसवला हो !”

करार पुन्हा वाचून पाहिला, तेव्हां कंपनीचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें. अ‍ॅपचा जीव म्हणजे त्याचें मूळ लेखन. त्या धंद्यांतील लोक त्यास ‘सोर्स कोड’ म्हणतात. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत अशा लेखनाची गणना वाङ्मयीन कृतींत होते. पगारी नोकरानें नोकरीच्या कामांत तें लिहिलें, तर उलट करार नसल्यास हक्क धन्याचा. परंतु बाहेरच्या कंपनीकडून लिहवून घेतलें, तर नुसते पैसे मोजल्यानें हक्क आपणांकडे येत नाहीं. तो कंपनीनें सही करून लेखी द्यावा लागतो. त्या लेखांत मुदत घातली नसेल, तर तो पांच वर्षांपुरताच दिला असें समजतात. आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरताच धरतात. म्हणून ‘कायमचा व सर्व जगासाठीं’ हे शब्द करारांत स्पष्ट असावेत. जी कंपनी हे शब्द लिहून देण्यास कांकूं करील, तिचा दर कितीहि कमी असला तरी तिचा नाद सोडावा.

दुसरी गोष्ट खात्याची. अ‍ॅप लोकांच्या हातीं पोंचतें तें मुख्यतः दोन मोठ्या दुकानांतून : एक अ‍ॅपलचें, दुसरें गूगलचें. दोन्हीं २००८ सालीं उघडलीं. तेथें माल मांडण्यासाठीं खातें लागतें. त्याची फी गूगलकडे एकदांच २५ डॉलर, तर अ‍ॅपलकडे दरसाल ९९ डॉलर अशी आहे. एवढ्या रकमेसाठीं दुसऱ्याच्या खात्याचा आश्रय करणें म्हणजे आपल्या दुकानाची किल्ली परक्याच्या कनवटीला देणें होय. खातें आपल्या नांवानें उघडावें आणि कंपनीला त्यांत कामापुरता प्रवेश द्यावा. एका खात्यावरील अ‍ॅप दुसऱ्यावर नेण्याची सोय दोन्हीं दुकानांत आहे. परंतु ज्याच्या खात्यावर तें आहे त्याचीच संमति त्यास लागते, आणि भांडण झाल्यावर ती कोण देतो?

खातें उघडण्यांत थोडी यातायात आहे, हें खरें. संस्थेच्या नांवानें उघडावयाचें तर डन अँड ब्रॅडस्ट्रीट या संस्थेचा नऊ अंकी क्रमांक मिळवावा लागतो. नोव्हेंबर २०२३ च्या मध्यानंतर व्यक्तीच्या नांवानें उघडलेल्या खात्यावरून गूगलच्या दुकानांत अ‍ॅप मांडण्यापूर्वीं किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस त्याची चांचणी करवून घ्यावी लागते. आमच्या वाचकांच्या एकत्र कुटुंबांत बारा माणसें मिळण्याची अडचण पडूं नये !

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकांच्या माहितीची. नांव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक लोक विश्वासानें देतात. संसदेनें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. तो टप्प्याटप्प्यानें लागू व्हावयाचा आहे. त्यांतील मर्म असें कीं, माहिती सांभाळण्याचें काम दुसऱ्या कंपनीकडे सोंपविलें तरी जबाबदारी आपलीच राहते. आणि सुरक्षिततेंत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटि रुपयांपर्यंत आहे. तेव्हां माहिती कोठें ठेवणार, त्या जागेचें खातें कोणाच्या नांवानें असणार, आणि तिची नक्कल आम्हांस केव्हांहि उतरून घेतां येईल काय, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटींत विचारावे.

आतां दराविषयीं. पितळेचें पातेलें एकदां घेतलें कीं तीन पिढ्या पुरतें. अ‍ॅपला मात्र दरसाल खतपाणी लागतें. फोनची आंतील व्यवस्था बदलत जाते आणि दुकानदारहि नियम बदलतात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून गूगलकडे नवीं अ‍ॅपें व जुन्यांच्या सुधारणा अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीस धरून असाव्या लागतात. म्हणून दरांची तुलना करतांना केवळ करण्याचा खर्च पाहूं नये. तीन वर्षांच्या देखभालीसह एकूण आंकडा लेखी मागावा. आम्हीं तो मागितला असता, तर सर्वांत स्वस्त वाटलेली कंपनी सर्वांत महाग असल्याचें तेव्हांच कळलें असतें.

कंपनीची पारख कशी करावी ? तिनें दोनतीन वर्षांपूर्वीं केलेल्या अ‍ॅपांचीं नांवें घ्यावीं व त्या मालकांशीं स्वतः बोलावें. तीं अ‍ॅपें घरांतील सर्वांत जुन्या फोनवर उतरवून आजींच्या हातीं द्यावीं. त्यांना विचारल्यावांचून मागणी नोंदवितां आली, तर काम चांगलें. शेवटची सुधारणा कधीं झाली ती तारीख दुकानांत लिहिलेलीच असते. कंपनी नोंदलेली असल्यास ती केव्हां स्थापन झाली, हें कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहतां येतें. पैसे टप्प्यांनीं द्यावे, आणि प्रत्येक टप्प्यास मूळ लेखन आपल्या ताब्यांतील कोठारांत आल्यावांचून पुढील हप्ता देऊं नये.

आमचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. वहिनींच्या जुन्या वहींत दोनशें पत्ते निघाले; घरांतील सर्वांनीं चार दिवस दूरध्वनि करून तेवढीं गिऱ्हाइकें परत मिळविलीं. बाकीचीं गेलीं तीं गेलींच. नंतर पुन्हा तीन कंपन्या पाहिल्या. दोघींनीं चित्रें दाखविलीं. तिसरीच्या माणसानें वहिनींना विचारलें, “काकू, दिवसाला मागण्या किती येतात ? त्या लिहून कोण घेतें ?” सर्व ऐकून तो म्हणाला, “तुम्हांला आज अ‍ॅपची गरजच नाहीं. साधें संकेतस्थळ पुरे, वर्षानें पाहूं.” स्वतःचा मोठा लाभ सोडून त्यानें हें सांगितलें, आणि संकेतस्थळाचें नांव न सांगतां वहिनींच्या नांवानें नोंदविलें. काम आम्हीं त्यालाच दिलें.

सर्व खात्यांच्या परवलीच्या शब्दांचा कागद वहिनींनीं दागिन्यांच्या डब्याशेजारीं कुलुपांत ठेवला आहे, आणि जुनी वही त्या अजूनहि रोज रात्रीं भरतात.