अदृश्य तिजोरीची किल्ली

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस लेखाची आज्ञा केली, तेव्हा धानाच्या बाजाराविषयी अनुभवाचे चार शब्द मिळावेत, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कटंगीचे गल्ल्याचे ठोक व्यापारी. दाताखाली दाणा फोडून त्यातील ओलावा सांगावा, एवढीच आमची विद्या, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरीही आम्ही विषय निवडला आहे तो बिटकॉइन आदी आभासी नाण्यांच्या किल्लीचा. त्यास एक कारण घडले आहे, ते प्रथम निवेदन करतो.

आमच्या नात्यातील एक तरुण नोकरीनिमित्त नागपुरास राहत असे. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरील अपघातात तो गेला. दुःखाचे पहिले दिवस सरल्यावर त्याचे वडील एक वही घेऊन आमच्या पेढीवर आले. पगारातून शिल्लक टाकून मुलाने थोडी बिटकॉइन घेतल्याची नोंद तीत होती. एक लांबलचक पत्ताही होता. आमच्या पुतण्याने तो पत्ता संगणकावर घालताच शिल्लक समोर दिसली. धन तेथे होते. आजही आहे. या नाण्यांची खतावणी जगात कोणालाही पाहता येते. परंतु जमा दिसते म्हणून ती उचलता येत नाही. त्यासाठी जी किल्ली लागते, ती मुलाने कोठे ठेवली हे त्याने कोणासही सांगितले नव्हते. ते गृहस्थ अजूनही अधूनमधून येतात आणि आमच्या पुतण्यास तो आकडा पाहावयास सांगतात. रक्कम मोठी नाही. मुलाच्या हातची आहे, एवढेच.

हे धन आहे तरी कसे, हे आम्ही पुतण्याकडून समजून घेतले. बिटकॉइनचा व्यवहार जानेवारी 2009 मध्ये सुरू झाला. त्याची खतावणी कोणा एका बँकेत वा मुनीमाजवळ नसून जगभरातील हजारो संगणकांवर एकसारखी लिहिलेली असते. ज्यास वॉलेट म्हणजे पाकीट म्हणतात, त्यात नाणी नसतातच. असते ती केवळ किल्ली. ही किल्ली म्हणजे सुमारे 77 आकड्यांची एक प्रचंड संख्या. एवढे आकडे उतरवून घेताना मनुष्य चुकणारच. म्हणून 2013 पासून अशी रीत पडली की, ज्या बीजातून किल्ल्या उपजतात ते बीज 2048 साध्या शब्दांच्या ठरीव यादीतून निवडलेल्या 12 किंवा 24 शब्दांत मांडावे. शब्द आणि त्यांचा क्रम जवळ असला, की यंत्र मोडले तरी नव्या यंत्रावर धन पुन्हा हाती येते. शब्द गेले आणि यंत्रही गेले, की सर्व गेले.

आमच्या वाडवडिलांच्या काळी हुंडीचा व्यवहार चाले. शहाजोग हुंडी बाजारात पत असलेल्या शहासच चुकती होई. चोरून आणणारास तिचे पैसे सहजी मिळत नसत. हुंडी गहाळ झाली तर पैठ लिहून मिळे, पैठही हरवली तर परपैठ मिळे. या नव्या धनास शहा ठाऊक नाही आणि त्याची पैठही निघत नाही. जो किल्ली दाखवील तो धनी. त्याच्यापुढे पत, पिढी, साक्षीदार, काहीच चालत नाही.

मग किल्लीची जोखीम दुसऱ्यावरच सोपवावी, असे कोणी म्हणेल. बहुतेक लोक आपली नाणी खरेदी-विक्रीच्या पेढीतच राहू देतात. तेथे किल्ली पेढीची आणि आपल्या हाती केवळ तिचा शब्द. मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्स या पेढीच्या वॉलेटमधून 18 जुलै 2024 रोजी सुमारे 23 कोटी डॉलरांची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली. अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी जानेवारी 2025 मध्ये या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या टोळ्यांवर ठेवला. त्या वॉलेटला एकाहून अधिक अधिकाऱ्यांच्या सह्या लागत. तथापि पेढीच्या निवेदनानुसार, पडद्यावर जे दिसत होते आणि प्रत्यक्षात ज्यावर सही झाली, ते एक नव्हते. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे आम्हांस थोरांनी शिकविले. वाचलेल्या कागदाखाली दुसरा कागद तर नाही ना, हेही आता पाहावे लागेल. त्या पेढीचा व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर 2025 उजाडला.

दुसरे उदाहरण जयपूरचे. कॅनडातील क्वाड्रिगा या पेढीचा तरुण चालक डिसेंबर 2018 मध्ये तेथे मरण पावला. किल्ल्या त्याच्या एकट्याजवळ होत्या, म्हणून धन अडकले, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे 2020 मध्ये ऑन्टॅरिओच्या रोखे आयोगाचा अहवाल आला, की बहुतांश धन त्याने हयातीतच गैरव्यवहारात घालविले होते. एकाच्याच हाती सर्व किल्ल्या असल्या, म्हणजे तिजोरी भरलेली आहे की रिकामी, हेही इतरांस कळत नाही.

तिसरे पुण्याचे. गेनबिटकॉइन फसवणुकीच्या 2018 मधील तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोघा तज्ज्ञांना मार्च 2022 मध्ये अटक झाली. तपासात हाती आलेल्या वॉलेटमधील नाणी त्यांनी परस्पर वळविली, असा पोलिसांचा आरोप आहे. निकाल न्यायालय देईल. आपण बोध एवढाच घ्यावा की, किल्ली क्षणभर दाखविणे आणि ती देऊन टाकणे यांत या व्यवहारात अंतर नाही.

ज्यांच्या घरी असे धन असेल, त्यांच्यासाठी काही नियम लिहितो. शब्द कागदावर स्वहस्ते लिहावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये, ते मोबाईलमध्ये किंवा ईमेलमध्ये ठेवू नयेत. आपल्या मुलखात ओल आणि वाळवी कागदास सोडत नाहीत. म्हणून धातूच्या पट्टीवर कोरलेली एक प्रत निराळ्या जागी असावी. शब्दांचे दोन अर्धे भाग करून दोन घरी ठेवण्याचा मोह टाळावा. एक अर्धा हरवला की सर्वच हरवते. रक्कम मोठी असेल तर किल्ली ठेवण्याचे स्वतंत्र यंत्र थेट निर्मात्याकडून घ्यावे. डब्यात शब्द आधीच छापून आले असतील तर तो सापळा समजावा. शब्द यंत्राने आपल्यासमोर घडविले पाहिजेत. आणि शब्द जो मागेल, मग तो स्वतःस पेढीचा माणूस म्हणवो वा सरकारचा, तो चोरच जाणावा.

सर्व रक्कम ठेवण्यापूर्वी थोडी ठेवून पाहावी. यंत्र कोरे करावे आणि केवळ कागदावरील शब्दांवरून शिल्लक परत येते की नाही, हे पडताळावे. ज्या किल्लीने कुलूप एकदाही उघडून पाहिले नाही, तिच्यावर कोणता व्यापारी विसंबेल? अनेक मंदिरांच्या भांडारास निरनिराळ्या विश्वस्तांची कुलपे असतात. तशी सोय येथेही आहे. तीन किल्ल्या करून त्यांपैकी कोणत्याही दोन लागतील असे ठरविता येते. म्हणजे एक हरवली तरी धन बुडत नाही आणि एक चोरीस गेली तरी चोराचे साधत नाही.

चोरीपासून बचावाची एवढी चिंता करणारे आपण वारसाचा विचार मात्र करीत नाही. स्वतःजवळ किल्ली ठेवलेल्या अशा धनास बँकेसारखे नामांकन नसते. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, कारण तो कागद पुढे अनेकांच्या हाती जातो. परंतु असे धन आहे, त्याचे यंत्र कोठे आहे आणि शब्दांची प्रत कोणत्या जागी आहे, हे घरातील एका विश्वासू व्यक्तीस माहीत असलेच पाहिजे. जी गुप्तता धन्याबरोबर चितेवर जाते, तिला सुरक्षितता म्हणता येत नाही.

ही नाणी घ्या असे आम्ही कोणास सांगत नाही. ती आपल्या देशात कायदेशीर चलन नाहीत, भाव क्षणात चढतो व कोसळतो, आणि 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे. आम्ही स्वतः धान व डाळीतच समाधानी आहोत. परंतु आपल्या मुलांनी ती घेतली असतील, आणि आपल्या रागाच्या भयाने सांगितली नसतील, तर तो दोष निम्मा आपला आहे.

गेल्या दिवाळीस वहीपूजन आटोपल्यावर आम्ही पुतण्यास जवळ बसविले आणि विचारले, "बाळ, तुझेही काही आहे काय?" तो थोडा घुटमळला, मग म्हणाला, "आहे, काका. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही." आम्ही रागावलो नाही. त्याने बारा शब्द लिहिलेला कागद लिफाफ्यात घालून लाखेने बंद केला. लिफाफा तिजोरीत कोठे आहे ते त्याच्या पत्नीस ठाऊक आहे आणि आम्हांस ठाऊक आहे. त्यात काय लिहिले आहे, ते आम्ही पाहिलेले नाही. वाचकांनी येत्या दिवाळीची वाट पाहू नये. हा प्रश्न आज रात्रीच्या जेवणानंतर घरी विचारावा, एवढीच नम्र विनंती.