चालायला सुरुवात करताय? बूट असे निवडा

डॉक्टर सांगतात, ‘वजन कमी करा, रोज पाऊण तास चाला.’ माणूस मनावर घेतो. पहाटेचा गजर लागतो आणि माळ्यावरचे जुने कॅनव्हासचे बूट खाली येतात. पहिला आठवडा झकास जातो. मग एके दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना टाचेत कळ येते. चालणं ‘दोन दिवस’ बंद होतं आणि पुन्हा सुरू होतच नाही. वजन कमी करण्यात बुटांचं काम एवढंच, की पायांच्या कुरबुरीमुळे व्यायाम सुटू नये.

बूट स्वतः काही चरबी जाळत नाहीत. तसा आभास निर्माण करणारे ‘टोनिंग शूज’ मध्यंतरी बाजारात होते: नुसते घालून हिंडा, मांड्या-पोटऱ्या आपोआप घडतील! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या जाहिराती फसव्या ठरवून कारवाई केली. रीबॉकने २०११ मध्ये अडीच कोटी डॉलर, तर स्केचर्सने २०१२ मध्ये चार कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आधी व्यायाम ठरवा

चालताना एक पाऊल कायम जमिनीवर असतं, त्यामुळे प्रत्येक पावलावर येणारा भार शरीराच्या वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. धावताना मात्र दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि सगळं शरीर एका पायावर उतरतं. तो भार वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो. नव्वद किलोच्या माणसाच्या एका पायावर १८० ते २७० किलो! म्हणून वजन जास्त असेल, तर पहिले काही महिने भरभर चालणंच बरं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि भरभर चालणं त्यात बसतं.

व्यायाम ठरला की निम्मी निवड झाली. चालण्यासाठी हलके, चवड्याशी सहज वाकणारे बूट हवेत. धावण्याचे बूट चालायलाही चालतात. जिममध्ये वजन उचलायचं असेल, तर मात्र तेच बूट अडचणीचे ठरतात. स्क्वॅट मारताना मऊ तळ दबतो आणि टाच डगमगते. तिथे सपाट, टणक तळाचे बूट लागतात. झुंबा किंवा एरोबिक्समध्ये पाय आडवे टाकावे लागतात, गिरक्या घ्याव्या लागतात. धावण्याच्या बुटांची पकड सरळ रेषेतल्या हालचालीसाठी असते, त्यामुळे गिरकी घेताना पाऊल जागीच अडकतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. अशा वर्गासाठी ‘ट्रेनिंग शूज’ मागावेत. पुण्यात वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी चढणाऱ्यांनी खोल खाचांचा सोल घ्यावा, कारण सुट्या मुरमावर गुळगुळीत सोल उतरताना हमखास घसरतो.

दुकानात काय तपासायचं

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पावलं थोडी सुजतात आणि सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावतो. व्यायामाला जे मोजे घालणार, तेच घालून जा.

बूट हातात आला की आधी आतला सुटा इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळीची किंवा अंगठ्याची कड इनसोलच्या बाहेर सांडत असेल, तर तो बूट अरुंद आहे. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नका. आपल्याकडे ही तक्रार फार, आणि तिला कारणही आहे. आपल्या बाजारातले साइझ ब्रिटिश, युरोपीय आणि अमेरिकी मापांवर बेतलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांची मापं घेतली, तेव्हा भारतीय पावलं तुलनेने रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. ती बाजारात रूढ होईपर्यंत आपण इतकंच करायचं: लांबीत साइझ वाढवून रुंदी मिळवायची नाही, तर त्याच साइझमध्ये ‘वाइड’ प्रकार मागायचा. आणि खोक्यावर यूके साइझ आहे की यूएस, हे नक्की बघायचं. पुरुषांचा यूके आठ म्हणजे साधारण यूएस नऊ.

आता दोन्ही पायांत बूट घाला, नाड्या बांधा आणि उभे राहा. सर्वांत लांब बोट आणि बुटाचं टोक यांच्यात हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अनेकांचं त्याच्या शेजारचं बोट लांब असतं. दोन पावलांत थोडा फरक असतोच, तेव्हा मोठ्या पावलाचं माप धरा. चालताना टाच वर-खाली सरकता कामा नये. शेवटी बूट काढून वाकवून पाहा. तो चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवा. टाचेमागची कडा बोटांनी दाबून बघा, ती ताठ हवी. रस्त्यावरच्या ‘फर्स्ट कॉपी’ बुटांत नेमकी हीच कडा आणि आतला फोम कमकुवत निघू शकतो, वरचं रूप मात्र हुबेहूब असतं.

मऊ म्हणजे चांगला?

‘वजन जास्त आहे ना, मग जास्त गादीवाला घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी आठशेहून अधिक हौशी धावपटूंना दिसायला सारखे, पण तळ कमी-जास्त मऊ असलेले बूट देऊन पाहिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कडक तळाच्या बुटांत दुखापती जास्त झाल्या खऱ्या, पण मऊ तळाचा स्पष्ट फायदा हलक्या वजनाच्या धावपटूंना झाला. वजनदार धावपटूंमध्ये तो दिसला नाही.

ओला पाय कागदावर उमटवून तळव्याची कमान बघायची आणि त्यानुसार बूट घ्यायचे, हाही असाच लोकप्रिय तोडगा. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरच्या नव्या भरतीवर तो तपासला गेला. कमान बघून बूट दिलेल्यांत आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेल्यांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. कॅलगरी विद्यापीठातले बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये साधा निकष मांडला: पायाला जो आरामदायक वाटतो, तो बूट निवडा. म्हणून तीन-चार जोड घालून दुकानातच पाच-दहा मिनिटं फिरा. विक्रेता कंटाळला तरी हरकत नाही. कार्बन प्लेटवाले महागडे बूट शर्यतीत वेळ कापण्यासाठी असतात, नवशिक्याला त्यांची गरज नाही.

मधुमेह असेल तर

मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते. मग बूट चावतोय, फोड आलाय, हे कळतच नाही आणि जखम चिघळते. ‘आरामदायक वाटतो’ हा निकष अशा वेळी पुरेसा नाही. बूट घेण्याआधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा नाही ना, ते बघा आणि चालून आल्यावर तळवे आरशात पाहा.

किती दिवस वापरायचे

बुटाचा फोम वापराने दबतो. धावण्याच्या बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. रोज चार किलोमीटर चाललात तर चार ते सहा-सात महिने. वरून बूट नवा दिसतो, म्हणून कडेच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात का आणि टाच एका बाजूने झिजलीय का, ते तपासा. पावसात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात किंवा वॉशिंग मशीनमध्ये सोलचा डिंक सुटतो.

एवढं करूनही टाचेची किंवा गुडघ्याची कळ दोन आठवड्यांत थांबली नाही, तर आणखी एक जोड घेऊ नका. चालणं थोडं कमी करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना पाय दाखवा.