जहाजावरील खोली आणि एका अंकाची चूक

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



मुंबईच्या बंदरांतून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपाकडे जाणाऱ्या मोठ्या पर्यटन-जहाजांवर दोन-तीन रात्री काढून येणारीं कुटुंबें आतां आपल्या ओळखींत एक-दोन तरी सांपडतात. अशा प्रवासाचें वर्णन करण्याचा आज माझा हेतु नाहीं. प्रवासापूर्वीं खोली राखून ठेवतांना जर चूक झाली, तर ती कशी ओळखावी व कशी दुरुस्त करून घ्यावी, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहानसा वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. परंतु आमच्या घरीं घडलेल्या एका प्रसंगानें माझें मत पालटलें, आणि तोच प्रसंग प्रथम सांगतों.

आमच्या घरांतून सहा माणसें निघावयाचीं होतीं : मी, माझी पत्नी, चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात. मुंबईहून गोव्यास जाऊन परत यावयाचें, असा बेत होता. हा बेत मुख्यतः पत्नीसाठीं होता. तिचें माहेर रत्नागिरीकडचें. लहानपणीं ती भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनें गांवीं जात असे. ती बोट केव्हांच बंद झाली. पण कोकणचा किनारा समुद्रावरून पुन्हां एकदां पाहावा, ही तिची इच्छा मात्र राहून गेली होती. तिचे गुडघे आतां धरलेले आहेत व रात्रीं तिला एक-दोन वेळां उठावें लागतें. म्हणून चौघांची एक खोली व आम्हां दोघांची एक खोली अशा दोन खोल्या अगदीं शेजारीं असाव्या, असें चिरंजीवांनीं एजंटास निक्षून सांगितलें होतें.

पैसे भरले. खोल्या मिळाल्याचें पत्र आलें. चिरंजीवांनीं त्यांतील तारीख व रक्कम पाहिली. मीं खोल्यांचे क्रमांक पाहिले. एकाच्या शेवटीं सोळा व दुसऱ्याच्या शेवटीं सतरा हे आंकडे होते. जन्मभर मुलांना गणित शिकविलेला मी मनुष्य. सोळाच्या शेजारीं सतरा येतात, याविषयीं मला शंका वाटण्याचें कारण नव्हतें. पत्र फाइलींत गेलें, आणि पुढें दोन महिने तें कोणींही उघडलें नाहीं.

जहाज सुटण्यास अकरा दिवस उरले असतां, सर्वांच्या ओळखपत्रांची माहिती भरून देण्यासाठीं सूनबाई बसल्या, तेव्हां त्यांनीं तें पत्र पहिल्या ओळीपासून वाचलें. आमचा नातू त्या पत्रांत एकोणीस वर्षांचा झाला होता! जन्मसालांतील एक अंक चुकला होता. त्यामुळें त्याचें भाडें मोठ्या माणसाचें लागलें होतें. शिवाय चौघांची खोली ही दोन मोठीं माणसें व दोन मुलें या हिशेबाची असल्यामुळें, तो त्या हिशेबांत बसेनासा झाला, आणि एजंटाच्या कचेरींतील कोणींतरी त्याची आमच्या खोलींत वरच्या फळीवर सोय लावून टाकली होती. बाहेरून सर्व जमलेलें दिसत होतें. माणसें सहा, निजण्याच्या जागाही सहा!

त्याच रात्रीं चिरंजीवांनीं जहाजाचा नकाशा काढून पाहिला, तेव्हां माझ्या गणिताचीही फजिती झाली. पुष्कळ जहाजांवर समसंख्येच्या खोल्या डाव्या अंगास व विषमसंख्येच्या खोल्या उजव्या अंगास असतात. अशा जहाजावर सोळाची शेजारीण अठरा असते. सतरा ही जहाजाच्या दुसऱ्या कडेला, समुद्राकडे तोंड करून बसलेली असते. म्हणजे जन्मसालाची चूक त्यांची, आणि शेजाराविषयींची चूक बरीचशी आमची, असा हिशेब झाला.

यावर माझें पहिलें मत असें पडलें कीं, एवढी धांवपळ कशाला? जहाजावर चढल्यावर नातवाला त्याच्या आईबापांपाशीं निजवावा, म्हणजे झालें. धर्मशाळेंत किंवा लग्नघरीं आपण असेंच करतों. परंतु जहाज ही धर्मशाळा नव्हे. याचें कारण समजून घेतलें म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप ध्यानांत येतात.

जहाजावरील खोली ही केवळ निजण्याची जागा नसते. संकटकाळीं प्रवाशानें कोठें जमावें, तें ठिकाण सामान्यतः त्याच्या खोलीवरून ठरलेलें असतें. त्या ठिकाणीं किती माणसें जमावयाचीं यास मर्यादा असते, कारण जीवनौकेंतील जागा मोजलेल्या असतात. त्यामुळें एखाद्या खोलींत पलंग रिकामा दिसला, तरी तेथें आणखी एक माणूस घालण्यास कचेरी कधीं कधीं नकार देते. प्रवाशास तो हटवादीपणा वाटतो. वस्तुतः त्यामागें बोटींतील जागेचा हिशेब असतो.

हा हिशेब मनुष्यजातीला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९१२ सालच्या एप्रिल महिन्यांत ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हां तिच्यावर बावीसशेंहून अधिक माणसें होतीं, आणि जीवनौकांत जागा होती ती सुमारें बाराशेंची. सुमारें पंधराशें जीव गेले. त्यानंतर १९१४ च्या जानेवारींत लंडन येथें समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढें त्यांत वेळोवेळीं सुधारणा झाल्या, व आजचीं प्रवासी जहाजें त्याच कराराच्या चालू नियमांनीं बांधलेलीं आहेत. आपल्या किनाऱ्यावरही असा काळा दिवस उगवला आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे जाणारी ‘रामदास’ बोट वाटेंतच उलटून बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. कोकणांतील जुन्या माणसांपाशीं हें नांव काढलें, तर तीं अजून क्षणभर गप्प होतात.

अलीकडचें उदाहरण इटलींतील आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें प्रचंड पर्यटन-जहाज जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलें व बत्तीस माणसें दगावलीं. त्याच दिवशीं जहाजावर चढलेल्या कित्येक प्रवाशांची संकटकाळची कवाईत तोंपर्यंत झालेलीच नव्हती. कारण प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आंत ती घेतली तरी पूर्वींच्या नियमाला चालत असे. या अपघातानंतर नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून ती कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घ्यावी लागते.

याच करारान्वयें जहाज सुटण्यापूर्वीं सर्व माणसांची मोजणी होते, आणि प्रवाशांची नोंद करतांना प्रौढ, मूल व अर्भक हे भेद लिहावे लागतात. लहान मुलांचें जीवरक्षक जाकीट वेगळें असतें. मोठ्या माणसाचें जाकीट लहान मुलाच्या अंगांतून पाण्यांत सुटण्याचा धोका असतो. आतां आमच्या नातवाचा विचार करा. कागदोपत्रीं तो एकोणीस वर्षांचा असता, तर त्याच्यासाठीं लहान जाकीट काढून ठेवण्याची आठवण कोणाला व कशी झाली असती? आणि गलबल्याच्या वेळीं आजी एका ठिकाणीं, आई दुसऱ्या ठिकाणीं व मुलगा कोणत्या यादींत, हें कोणीं पाहिलें असतें? एका अंकाच्या चुकीची ही बाजू ध्यानांत येतांच भाड्यांतील फरकाचा विषय आमच्या घरांत मागें पडला.

आतां दुरुस्तीची हकीकत सांगतों. आम्हीं थेट जहाज-कंपनीकडे विचारणा केली. खोल्या एजंटामार्फत घेतलेल्या असल्यामुळें बदल त्याच्याकडूनच आला पाहिजे, असें त्यांनीं सांगितलें. हें सर्वसाधारण रीतीला धरूनच आहे; एजंटाच्या नांवावरील नोंदीला कंपनी सहसा परस्पर हात लावीत नाहीं. एजंटानें उपाय सुचविला तो असा : दोन्ही खोल्या रद्द करा, मी नव्यानें घेऊन देतों. चिरंजीव होकार देणार, इतक्यांत पत्नी म्हणाली, “अरे, दुसरी जागा धरल्यावांचून पहिल्या जागेवरची सतरंजी उचलूं नये.”

तिला आठवत होती कोकण बोटीवरची रीत. त्या बोटीच्या डेकवर खोली नव्हती कीं क्रमांक नव्हता. ज्यानें आपली सतरंजी आधीं अंथरली, त्याची ती जागा. चांगली जागा पाहावयाची असेल, तर एका माणसानें जुन्या सतरंजीवर बसून राहावें व दुसऱ्यानें शोधास जावें. दोघेही उठले, तर दोन्ही जागा गेल्या! आजच्या जहाज-व्यवहारांतही हेंच तत्त्व लागू पडतें. खोली रद्द केली कीं ती विक्रीस मोकळी होते. आणि निघण्याचा दिवस जसजसा जवळ येतो, तसतशी रद्द करण्याबद्दलची कापणी वाढत जाते. अगदीं शेवटच्या दिवसांत बहुधा कांहींच परत मिळत नाहीं.

म्हणून चिरंजीवांनीं एजंटास एकच ई-मेल लिहिलें. त्यांत दोन रकाने केले : पत्रांत काय आहे, आणि काय असावयास हवें. पहिली बाब जन्मसालाची, दुसरी नातवाच्या खोलीची, तिसरी शेजारच्या खोलीची. सोबत नातवाच्या ओळखपत्राची प्रत जोडली. कोणतीही खोली रद्द करूं नये, हातची नोंद कायम ठेवून बदल करावा, व बदल झाल्यावर नवें पत्र पाठवावें, असें शेवटीं लिहिलें. रागाचा शब्द एकही घातला नाहीं. तो मीं घालूं पाहिला होता, पण सूनबाईंनीं तो खोडून टाकला.

चौथ्या दिवशीं नवें पत्र आलें. नातू नऊ वर्षांचा झाला व आईबापांच्या खोलींत गेला. भाड्यांतील फरक परत मिळाला. समसंख्येची शेजारची खोली मात्र मिळाली नाहीं. त्याच अंगास, चार दारें सोडून एक मिळाली. ती आम्हीं घेतली. उशिरां पत्र वाचल्याचा तेवढा दंड आम्हांस भरावाच लागला.

या अनुभवावरून श्रोत्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, अशी विनंती आहे. पत्र ज्या दिवशीं येईल त्याच दिवशीं तें दोघांनीं मिळून वाचावें. एकानें मोठ्यानें वाचावें व दुसऱ्यानें ओळखपत्रें हातीं घेऊन ताडून पाहावें. नांव, जन्मतारीख, जहाज, सुटण्याची तारीख, खोलीचा प्रकार, क्रमांक व त्या खोलींत लिहिलेलीं माणसें, या सर्वांवर बोट फिरवावें. खोलीचा क्रमांकच दिलेला नसेल, तर ठरलेल्या प्रकारची कोणतीही खोली देण्याची मुभा कंपनीनें ठेवलेली असते, असें बहुधा समजावें; अशा वेळीं शेजाराचा आग्रह चालत नाहीं. क्रमांक असेल तर तो जहाजाच्या नकाशावर शोधून पाहावा. खोल्या शेजारीं असणें निराळें आणि दोन खोल्यांमध्यें आंतून दार असणें निराळें. दार हवें असेल, तर तसें स्पष्ट लिहावें. जहाजाच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात, हेंही वृद्धांसाठीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

नांवांतील एखादें अक्षर सुधारणें ही लहान दुरुस्ती असते. एका माणसाऐवजीं दुसऱ्यास नेणें हा मात्र बहुधा नवा व्यवहार धरला जातो. चूक आढळतांच लेखी कळवावें. तोंडी आश्वासनावर निर्धास्त राहूं नये. दुरुस्त पत्र हातीं येईपर्यंत चूक दुरुस्त झाली, असें समजूं नये. जहाजावर पोंचल्यावर माणसें सोयीप्रमाणें या खोलींतून त्या खोलींत निजवावयाचीं झाल्यास, तसें तेथील कचेरीस सांगून ठेवावें. लपवून तर मुळींच करूं नये.

आम्ही ठरल्या दिवशीं निघालों. जहाज धक्क्यावरून सुटण्यापूर्वीं कवाईत झाली. खोलींत नातवासाठीं लहान जाकीट ठेवलेलें होतें. तें त्यानें स्वतःच अंगांत चढविलें, पट्टे आंवळले, आणि आजीचें जाकीट नीट बसलें आहे कीं नाहीं, हें तो दोनदां ओढून पाहून आला. रात्रीं पत्नी बराच वेळ कठड्यापाशीं उभी होती. किनारा लांब होता. दिवे तेवढे दिसत होते. त्यांतले रत्नागिरीचे कोणते, हें मला ओळखतां आलें नाहीं. तिला मात्र आलें, असें ती म्हणाली.