जिन्यावरची खुर्ची घ्यावी की न घ्यावी?

गुडघे गेले की घरातला जिनाच माणसाचा वैरी होतो. कराडकडच्या आमच्या आत्याबाईंचे तसेच झाले. वय ७८. खाट माडीवर आणि संडास, न्हाणी खाली. गेल्या पावसाळ्यात रात्री उतरताना तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडले नाही, एवढे नशीब. तेव्हापासून आतेभावाने एकच धोशा लावला, जिन्यावर चालणारी खुर्ची बसवायची. पुण्यात मेहुण्यांच्या घरी त्याने ती पाहिली होती. मला निरोप आला, "दादा, तुम्हाला मोटारी-पंपांतलं कळतं, येऊन बघा."

ज्यांनी ही खुर्ची पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिन्याच्या कडेने एक रूळ बसवतात. तो बहुधा भिंतीला नव्हे, पायऱ्यांनाच आवळतात. म्हणजे भिंत कच्ची असली तरी चालते, पायऱ्या मात्र भक्कम हव्यात. त्या रुळावरून खुर्ची सावकाश वर चढते, सेकंदाला जेमतेम अर्धा फूट. माणूस पट्टा बांधून बसतो. वाटेत मांजर किंवा तांब्या आडवा आला तर खुर्ची आपोआप थांबते. वर पोचल्यावर ती फिरवता येते, म्हणजे पाय पायरीवर न पडता जमिनीवर पडतो. बहुतेक खुर्च्या बॅटरीवर चालतात, विजेवर फक्त बॅटरी चार्ज होते. त्यामुळे वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. पण दिवसदिवस वीज नसेल तिथे त्या बॅटरीवर किती विसंबायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जिना सरळ असेल तर काम सोपे. वळणाचा असेल तर रूळ त्याच जिन्याच्या मापाने घडवावा लागतो, खर्च खूप वाढतो आणि तो रूळ दुसऱ्या घरी उपयोगी पडत नाही. जुन्या वाड्यातला भिंतीच्या पोटातला, शिडीसारखा उभा, वर झडप असलेला जिना असेल तर तो विषय सोडूनच द्यावा. बाहेरून उघड्यावर जिना असेल तर ऊनपाऊस सोसणारी वेगळी खुर्ची लागते.

आम्ही टेप लावला. जिना सिमेंटचा, सरळ, तीन फूट रुंद. खुर्ची बसत होती. पैसे लाखांत जाणार होते, पण आतेभाऊ उसाच्या बिलातून द्यायला तयार होता. मी होकार देणार, तेवढ्यात सहज आत्यांना विचारले, "आत्या, अंधारात एकट्या बसाल ना हो तिच्यावर?"

आत्या म्हणाल्या, "बसंन की. पर मला वर नेलं कुणी? खालच्या खोलीत सोयाबीनची पोती लागली अन् माझी खाट वर गेली. चार वर्सं झाली."

कोणी काही बोलेना. वहिनींनी चहा ठेवला. पोती माडीवर चढवणे शक्य नव्हते, हेही खरेच. शेवटी गोठ्याशेजारी पत्र्याची खोली काढायचे ठरले. तिला जोते उंच हवे आणि उंदरांचा बंदोबस्त हवा, म्हणजे तिथेही पैसे लागणारच. आतेभाऊ थोडा हिरमुसला.

ज्या घरात खाली खाट हलवायला जागाच नाही, तिथे खुर्ची जरूर घ्यावी. मात्र बसणाऱ्याला स्वतः बसता-उठता आले पाहिजे, नाहीतर हाताशी माणूस लागतोच. आणि विकणाऱ्याला आधी विचारावे, बिघडली तर आमच्या गावी कोण येणार, किती दिवसांत, आणि बॅटरी बदलायला काय पडेल. आम्ही हेच विचारले तेव्हा पलीकडून नीट उत्तर आले नाही.

दिवाळीआधी आत्यांची खाट खाली आली. न्हाणीत धरायला दांडा आणि जवळच कमोड बसवला. जिन्यालाही दोन्ही बाजूंनी कठडा केला, वर-खाली दिव्याची बटणे केली. कारण माडीच्या खिडकीतून मळा दिसतो, आणि दुपारी एकदा नातीचा हात धरून आत्या वर जातातच.